कामावरून बंद केलं, आता कोणत्या कोर्टात जायचं? लेबर कोर्टाची वाट पहिल्यांदा धरणाऱ्यांसाठी

गावाकडं कोर्ट म्हटलं की तालुक्याचं कोर्ट. धुऱ्याचं भांडण तिथंच, वाटणी तिथंच, चेक बाउन्स तिथंच, मारामारीची केसही तिथंच. म्हणून जिनिंगमधून, राईस मिलमधून नाहीतर पतसंस्थेतून कोणाला बंद केलं की तोही सरळ तालुक्याला जातो, ओळखीच्या वकिलाला भेटतो, वकील मालकाला एक नोटीस पाठवून देतो, मंग उत्तराची वाट पाहणं, मंग अजून एक नोटीस, आणि इकडं नव्वद दिवस कधी निघून गेले ते कळतसुद्धा नाही. नव्वद का, ते पुढं येतेच. आधी एवढं पक्कं करा की कामगाराच्या भांडणात कोर्ट आपल्या सोयीनं ठरत नाही. ते चार गोष्टींवर ठरते: तुम्ही कोण, मालक कोण, मागणी काय, आणि काम कुठं होतं. या चारींची उत्तरं एका कागदावर लिहा, अन् मंगच एसटीत बसा.

तालुक्याच्या कोर्टात काऊन नाही

दिवाणी कोर्टात सगळेच दावे चालतात असं आपल्याला वाटते, पण कामगार कायद्यानं दिलेला हक्क असला तर तो मागायची जागाही त्याच कायद्यानं ठरवून दिलेली असते. सुप्रीम कोर्टानं हे १९७५ सालीच प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या प्रकरणात सांगून ठेवलं. आणि आपल्या राज्यात तर वेगळा कायदाच आहे, महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा, १९७१. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे त्याला यूएलपी म्हणतात, तेच मी पण म्हणीन. त्याच्या कलम ६० मध्ये सरळ लिहिलं आहे की जी गोष्ट या कायद्याखाली लेबर कोर्टात किंवा इंडस्ट्रियल कोर्टात जाऊ शकते, तिच्यावर दिवाणी कोर्टानं दावाच घ्यायचा नाही. म्हणजे तालुक्यात दावा लावला तर मालकाचा वकील पहिल्याच तारखांत अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढते, आणि दोन-तीन वर्षांनी दावा परत. पोलीस स्टेशनचंही तसंच, पगार वसूल करून देणं हे ठाणेदाराचं काम नाही, कितीही दम देऊन दाखवला तरी.

तालुक्याच्या कोर्टात एका कामासाठी मात्र जरूर जा. तिथं तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात फुकट वकील कोणाला द्यायचा याची यादी आहे, त्यात औद्योगिक कामगार हा स्वतंत्र प्रकार आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक हेही त्याच यादीत. हे कोणी सांगत नाही, म्हणून लोक बैल विकून वकील लावतात. अर्ज तालुक्यात द्या, लेबर कोर्ट जिल्ह्याला असलं तरी तो अर्ज पुढं जाऊ शकते.

पहिला प्रश्न: तुम्ही कायद्याच्या भाषेत कामगार आहे का

इथं पद पाहू नका, काम पाहा. मालक लोक हुशार असतात, वजनकाट्यावर बसणाऱ्या पोराला सुपरवायझर म्हणून टाकतात, कार्डावर मॅनेजर छापून देतात आणि पगार अकरा हजार. कोर्ट पाहते की दिवसभर तुम्ही प्रत्यक्ष काय करता. अंगमेहनत, मशीन चालवणं, कारकुनी, तांत्रिक काम, हे असलं तर तुम्ही कामगार, मंग कार्डावर काहीही असो. दुसऱ्यांची रजा मंजूर करता, कामावर घेता-काढता, सही तुमची चालते, असं असलं तर अवघड. सुपरवायझरसाठी जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात महिन्याला दहा हजारांची मर्यादा होती, नवीन संहितेत (२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेला केंद्राचा कायदा, त्याचं पुढं येते) ती अठरा हजार केली आहे.

जे खरोखरच मॅनेजर आहेत त्यांना हा दरवाजा नाही. त्यांना दिवाणी कोर्टच, आणि तिथं थकलेला पगार, नुकसानभरपाई मागता येते, पण परत कामावर घ्या असा हुकूम खाजगी नोकरीत सहसा मिळत नाही. कामगाराचा खरा फायदा इथंच आहे, लेबर कोर्ट पुन्हा कामावर घ्यायला लावू शकते.

शाळेतल्या सर-मॅडम लोकांसाठी एक वेगळंच. शिक्षक हा कामगार नाही असं सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्ये म्हटलं आहे. खाजगी मान्यताप्राप्त शाळेतून काढलं तर शाळा न्यायाधिकरण, १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ९ खाली अपील, मुदत फक्त तीस दिवस. शाळेतला शिपाई, लिपिक यांनाही काढल्याबद्दल तिथंच जावं लागते. नागपूरला आणि अमरावतीला हे न्यायाधिकरण आहे. तीस दिवस म्हणजे संस्थाचालकाला भेटून 'बघू, करू' ऐकण्यातच संपतात, तर तिथं अजिबात वेळ घालवू नका.

दुसरा प्रश्न: मालक कोण

याच्यात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

तुमची जिनिंग, राईस मिल, ऑईल मिल, एमआयडीसीतली कंपनी, दुकान, खाजगी दवाखाना, हे सगळं राज्य सरकारच्या अखत्यारीत. म्हणजे यूएलपी लागू, जिल्ह्याचं सरकारी कामगार अधिकारी कार्यालय लागू, राज्याचं लेबर कोर्ट लागू.

कोळसा खाण, मँगनीजची खाण, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक, आयुधनिर्माणी, हे केंद्राच्या अखत्यारीत. वणी, राजुरा, उमरेड, इकडं तुमसरची मँगनीज पट्टी, इथल्या पोरांनी हे लक्षात ठेवायचं की यूएलपी कायदा तुम्हाला लागूच नाही, कारण तो फक्त जिथं राज्य सरकार हे समुचित सरकार आहे तिथंच चालतो. तुमचा रस्ता केंद्राच्या कामगार आयुक्तालयाच्या अधिकाऱ्याकडून नागपूरच्या केंद्र सरकार औद्योगिक न्यायाधिकरणात. आणि खाणीत ठेकेदाराकडं काम करणारा मजूर? तोही केंद्राकडंच. २०१० च्या दुरुस्तीनं हे साफ केलं, ठेकेदार आणि त्याच्या मजुराचं भांडण ज्या आस्थापनेत झालं, ती ज्या सरकारच्या ताब्यात, तेच सरकार. ठेकेदार घुग्घुसचा असो का बिहारचा, फरक पडत नाही.

सहकारी संस्था: पतसंस्था, सूतगिरणी, जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ. इथं लोक सहकार न्यायालयात जातात, कधी डीडीआर ऑफिसला, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं, चकरा मारतात. सहकार कायद्याच्या कलम ९१ मध्येच लिहिलं आहे की औद्योगिक विवाद हा त्या कलमाखालचा वाद मानायचा नाही. तुम्ही कर्मचारी आहे, सभासद म्हणून भांडत नाही, तर लेबर कोर्ट. डीडीआरकडं तक्रार दिल्यानं संचालक थोडे घाबरतात हे खरं, पण घाबरवणं वेगळं अन् ऑर्डर घेणं वेगळं.

राज्य सरकारचा कायम कर्मचारी असेल तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, तिचं खंडपीठ नागपूरला आहे. पण सरकारी खात्यातला रोजंदारी मजूर, म्हणजे वनविभागाचा रोपवाटिकेवरचा माणूस, सामाजिक वनीकरण, रस्त्यावरचा गँगमजूर, यांच्यासाठी लेबर आणि इंडस्ट्रियल कोर्टाचा रस्ता उघडा राहिला आहे. वनविभाग म्हणत होता आम्ही उद्योगच नाही. महाराष्ट्रातल्याच सामाजिक वनीकरणाच्या एका प्रकरणात १९९५ साली सुप्रीम कोर्टानं ते म्हणणं मान्य केलं नाही, आणि वर्षानुवर्ष रोजंदारीवर ठेवणं ही अनुचित प्रथा ठरवली. पुढं २००६ मध्ये उमादेवी निकाल आला तेव्हा सगळी खाती तोच कागद नाचवू लागली, की आता कोणाला कायम करता येत नाही. २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उमादेवीमुळं यूएलपी कायद्याखालचे इंडस्ट्रियल कोर्टाचे अधिकार जात नाहीत. मंजूर पद आहे का, हा प्रश्न तरी येतोच, पण दरवाजा बंद नाही.

आता ठेकेदारी. हा गड्डा फार मोठा आहे बाप्पा. समजा कारखान्यात आठ वर्षं काम केलं, हुकूम कंपनीचा साहेब देत होता, पण पगार कागदावर ठेकेदाराच्या नावानं. बंद केल्यावर तुम्ही कंपनीवर यूएलपी तक्रार लावली, कंपनी म्हणते हा आमचा माणूसच नाही. तर सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत ठरवून टाकलं आहे की मालक-कामगार नातंच वादात असलं तर यूएलपी तक्रार चालत नाही. आधी औद्योगिक विवादाच्या रस्त्यानं ते नातं सिद्ध करून घ्यायचं. म्हणून ठेकेदारी मजुरानं घाईत यूएलपी लावू नये. समेट अधिकाऱ्याकडं, म्हणजे दोघांची बोलणी घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं, जावं, ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही पार्टी करावं आणि ठेका हा नुसता देखावा आहे असं स्पष्ट लिहावं. मी पाहिलेल्या जितक्या केसेस पडल्या त्यात या एका कारणानं पडलेल्या लय आहेत, आणि माणूस खरा असूनही पडल्या.

तिसरा प्रश्न: नेमकं मागता काय

'मला न्याय पाहिजे' हे कोर्टाला समजत नाही. एका ओळीत मागणी लिहा, कोर्ट आपोआप समोर येते.

कामावरून काढलं, परत घ्या: लेबर कोर्ट, म्हणजे कामगार न्यायालय. यूएलपी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातली पहिली बाब एवढीच लेबर कोर्टाकडं आहे. सूडबुद्धीनं काढणं, खोटं कारण दाखवून काढणं, चौकशी न घेता किंवा नावापुरती घेऊन काढणं, बारक्या चुकीला मोठी शिक्षा देणं, हे सगळं तिच्यात येते. आणि काढायचीच वाट पाहत बसायची गरज नाही, चौकशीचा फास आवळून राहिला आणि काढणार हे दिसत असलं तर आधीच तक्रार करता येते, १९९५ चा हिंदुस्थान लिव्हरचा निकाल त्याच्यावरच आहे.

कायम करा, करारातलं वेतन द्या, बदली सूडानं केली, एकाला दिलं मला नाही: हे सगळं इंडस्ट्रियल कोर्ट, म्हणजे औद्योगिक न्यायालय. काम चालू आहे पण वर्षानुवर्ष बदली (दुसऱ्याच्या जागेवरचा), हंगामी, तात्पुरता म्हणूनच ठेवलं, ही चौथ्या परिशिष्टातली सहावी बाब. केलेला करार पाळला नाही, ही नववी. नवीन माणूस इथं हमखास चुकतो, कारण दोन्ही कोर्टं कधी कधी एकाच आवारात असतात आणि त्याला वाटते एकच आहे. लेबर कोर्ट तुम्हाला कायम करू शकत नाही, आणि बडतर्फीची तक्रार सरळ इंडस्ट्रियल कोर्ट घेत नाही. ते त्याच्या वर बसलेलं आहे, लेबर कोर्टाच्या यूएलपी निकालावर कलम ४४ खाली रिव्हिजन, म्हणजे निकाल तपासून पाहायचा अर्ज, तिथं जाते.

दुसरा रस्ता औद्योगिक विवादाचा. यात आधी समेट, म्हणजे सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं दोघांना बोलावून बोलणी. जुन्या कायद्यात कलम २-अ होतं, एकट्या माणसाला काढलं तरी तो औद्योगिक विवाद, युनियन असलीच पाहिजे असं नाही, आणि समेटात पंचेचाळीस दिवसांत जमलं नाही तर सरकार वाद कोर्टाकडं पाठवेल (त्याला संदर्भ म्हणतात) याची वाट न पाहता सरळ कोर्टात जाता येते. नवीन संहितेतही एकट्याचा वाद धरला आहे.

मंग या दोनपैकी कोणता? तुम्ही थेट मालकाच्या मस्टरवर आहे, मुदत शिल्लक आहे, तर यूएलपी, कारण तिथं कलम ३० खाली अंतरिम आदेश मागता येतो, म्हणजे निकाल लागेपर्यंत कामावर ठेवा किंवा काढू नका असा हुकूम. मुदत गेली किंवा नातं वादात आहे, तर समेट. दोन्ही एका वेळी लावू नका, कलम ५९ सांगते की एक रस्ता धरला की त्याच गोष्टीसाठी दुसरा बंद. काही वकील 'दोन्हीकडं टाकून ठेवू' म्हणतात, त्यांना हे कलम उघडून दाखवा.

फक्त हिशोब पाहिजे, म्हणजे हक्क दोघांनाही मान्य आहे आणि रकमेवर अडलं आहे: जुन्या कायद्याचं कलम ३३-क(२), तेही लेबर कोर्टातच. पण तिथं नवीन हक्क ठरवून मिळत नाही. मालक म्हणत असला की ओव्हरटाइमचा हक्कच नाही, तर तो अर्ज तिथं टिकत नाही, आधी हक्क सिद्ध करा. कोर्ट इथं फक्त गणित करते.

किमान वेतनापेक्षा कमी रोजी, थकलेला पगार, बेकायदा कपात: हे वेतन दाव्यांच्या प्राधिकाऱ्याकडं. जुन्या किमान वेतन कायद्यात सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्यात बारा महिने मुदत होती, नवीन वेतन संहितेत तीन वर्ष दिली आहे. तरी माझं म्हणणं, सहा महिन्यांच्या आतच टाका, मुदतीवर वाद ओढवून घ्यायचा कशाले. शेतमजुरांनाही किमान वेतन लागू आहे, हे सालदार ठेवणाऱ्याला सांगितलं की तो हसतो, पण आहे.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं सलग नोकरी झाली तर दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. शेवटचा पगार १३,००० आणि नोकरी आठ वर्षं, तर १३,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे ७,५००, आणि आठ वर्षांचे ६०,०००. ठराविक मुदतीच्या करारावर असणाऱ्याला नवीन संहितेत एका वर्षानंतरच हिशोबानं मिळते. आधी मालकाला अर्ज, नाही दिली तर नियंत्रक प्राधिकारी, आणि आपल्या राज्यात हे काम लेबर कोर्टाचे न्यायाधीशच पाहत आले आहेत. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. हे अधोरेखित करून ठेवा, दिवाणजी लोक हमखास उलटं सांगतात.

कामावर अपघात: याच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्त. हे नाव ऐकून लोक नागपूरच्या कमिशनर ऑफिसला जातात, पण हा आयुक्त म्हणजे जिथं लेबर कोर्ट आहे तिथं बहुतेक त्याचे न्यायाधीशच, नाहीतर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. मुदत दोन वर्षं. इएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विम्याचे पैसे, कापत असतील तर मात्र हा रस्ता नाही, तिकडून लाभ घ्यायचा. मशीनवरच्या शेतीकामाचाही यात समावेश आहे, म्हणजे थ्रेशरमध्ये हात गेला, ट्रॅक्टर पलटी झाला, त्या मजुराचाही दावा बसते. मृत्यू झाला तर मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणांक, आणि २०२० पासून मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरत आले. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, साडेपंधरा लाखांच्या वर. आणि गावात पंचांसमोर पन्नास हजारांवर मिटवून कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन टाकतात. या कायद्यातला हक्क असा लिहून सोडता येत नाही, म्हणून अंगठा दिला असला तरी दावा लावा.

चौथा प्रश्न: काम कुठं होतं

आपल्या भागातली पोरं पुणे, सुरत, हैदराबाद, कुठं कुठं जातात. तिथं काढलं की गावी येतात आणि म्हणतात इथं यवतमाळलाच केस लावू, तारखेला जायला सोपं. नाही चालत. काम जिथं केलं आणि बंद जिथं केलं, तिथलं कोर्ट. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अगदी असंच आलं होतं, माणूस गाझियाबादला काम करत होता, तिथंच काढला, राहायला दिल्लीत, नोटीसही दिल्लीतून पाठवली, तरी कोर्टानं म्हटलं दिल्लीच्या लेबर कोर्टाला अधिकार नाही. राहता कुठं यानं काही होत नाही.

अपघाताच्या भरपाईत मात्र बरोबर उलटं आहे. अपघात झाला तिथं, किंवा दावा करणारा राहतो तिथं, किंवा मालकाचं नोंदणीकृत ऑफिस आहे तिथं, तिन्हीपैकी कुठंही. गडचिरोली-चंद्रपूरकडून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या बाया-माणसांची गाडी पलटली तर विधवेनं वरंगलला जायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यात दावा लागते.

विदर्भात लेबर कोर्ट नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर, यवतमाळ, भंडारा अशा ठिकाणी आहे. तुमचा तालुका कोणाच्या हद्दीत येते हे त्या कोर्टाच्या फायलिंग काउंटरवर विचारा, पाच मिनिटांचं काम आहे. वर हायकोर्ट नागपूर खंडपीठ.

मुदती, आणि नवीन संहितांचा गोंधळ

यूएलपी तक्रार नव्वद दिवसांत, ज्या दिवशी घटना घडली त्या दिवसापासून. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफीचा अर्ज करता येते, चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे फिरलो हे कारणही देता येते, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. औद्योगिक विवादात काढल्यापासून तीन वर्षं होती.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या, औद्योगिक विवाद कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला. त्या संहितेत लेबर कोर्ट हा प्रकारच ठेवला नाही, दोन सदस्यांचं औद्योगिक न्यायाधिकरण ठेवलं, एक न्यायिक सदस्य, एक प्रशासकीय. ते बसेपर्यंत जुनी कोर्टंच जुनी-नवी प्रकरणं चालवतील असा आदेश केंद्रानं डिसेंबर २०२५ मध्ये काढला. म्हणून 'लेबर कोर्ट बंद झालं, आता काही होत नाही' असं कोणी मालकाचा माणूस सांगत असला तर ऐकू नका. समेटाची मुदत मात्र संहितेत दोन वर्षांवर आली आहे, आणि समेट फसल्याचा अहवाल हातात आल्यापासून नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडं अर्ज. यूएलपी हा राज्याचा कायदा, संहितेनं रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत तो नाही. माझा सल्ला साधा: जुनी मुदत जास्त असो का नवीन, दोन्हींपैकी जी आखूड ती आपली, आणि अर्ज कोणत्या कलमाखाली घेऊन राहिले ते त्या दिवशी काउंटरवर विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष करायचं काय

बंद केलं त्या दिवसापासूनच कागद जमवा. तोंडी काढलं असलं तर दुसऱ्याच दिवशी मालकाला रजिस्टर पोस्टानं एक साधं पत्र टाका, की अमुक तारखेपासून गेटवर येऊ दिलं नाही, मी कामावर यायला तयार आहे, मला कामावर घ्या. पोचपावती सांभाळा. नाहीतर मालक म्हणतो हा स्वतःच काम सोडून गेला, आणि दहातल्या बऱ्याच केसेसमध्ये हाच बचाव असते. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर सही नाही. आधीच घेतली असली तर पोस्टानं लगेच कळवा की ती जबरदस्तीनं घेतली.

मंग पुरावा. पीएफचा यूएएन पासबुक, इएसआयसी कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, बोनसची चिठ्ठी, हजेरीच्या वहीचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज. मोबाईल विकू नका, स्क्रीनशॉटसोबत प्रमाणपत्र द्यावं लागते आणि मूळ मेसेज त्याच फोनमध्ये पाहिजे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले हे दाखवायची पहिली जबाबदारी कामगाराचीच असते, सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये वनविभागाच्याच एका केसमध्ये हे म्हटलं, नुसतं शपथपत्र पुरत नाही. सरकारी खातं असलं तर माहिती अधिकारात हजेरीपट आणि व्हाउचर मागा, खाजगी असलं तर कोर्टात मस्टर हजर करायचा अर्ज द्या. पगारी रविवार आणि सुट्ट्या या २४० मध्ये धरतात. जिनिंगच्या हंगामी माणसाचे २४० सहसा भरत नाहीत, पण २४० ची अट ही कामगार कपातीची, म्हणजे माणसं कमी करतानाची, नोटीस आणि भरपाई मागायला आहे, सूडानं काढल्याची तक्रार करायला नाही.

तक्रार लिहिताना अर्जनवीसाला कहाणी सांगू नका, तारखा सांगा. कामावर कधी लागलो, काम काय, पगार किती, कधी आणि कसं काढलं, नोटीस दिली का, चौकशी झाली का, माझ्या मागून लागलेले अजून कामावर आहेत का. पार्टी करताना फर्मचं बरोबर नाव टाका, बोर्डावर एक आणि पीएफवर दुसरं असते, पीएफवरचं धरा. सोबत अंतरिम आदेशाचा अर्ज त्याच दिवशी, वेगळ्या शपथपत्रासह. फी नाममात्र असते. वकील नसला तर युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकते.

नंतर नोटीस, मालकाचं उत्तर, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपासणी. यात वेळ जातो, खोटं कशाला सांगू. उलटतपासणीत एक प्रश्न ठरलेला असते: 'सध्या तुम्ही दुसरीकडं कामाला जाता, बरोबर ना?' बंद असलेल्या काळाच्या पगाराची रक्कम याच्यावर अडते. मधल्या काळात रोजीनं गेले असाल तर गेलो म्हणा, किती मिळाले ते सांगा, घरच्या वावरात राबणं म्हणजे नोकरी नाही हेही सांगा. खोटं पकडलं गेलं तर बाकी खरंही पातळ होते.

ऑर्डर तुमच्या बाजूनं आली आणि मालक रिव्हिजनमध्ये किंवा हायकोर्टात गेला, तर स्टे मिळाला का हे तपासा, नुसतं अपील केल्यानं ऑर्डर थांबत नाही. यूएलपीचा आदेश पाळला नाही तर कलम ४८ खाली त्याच लेबर कोर्टात फौजदारी तक्रार होते, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पैशाची ऑर्डर असली तर कलम ५० खाली वसुली दाखल्याचा अर्ज, तो वर्षाच्या आत करा. दाखला कलेक्टरकडं जातो, तिथून तहसीलला येते, आणि तहसीलदार ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करते. तहसीलमध्ये तो दाखला फायलीखाली दबून राहतो, म्हणून जावक क्रमांक लिहून घ्या आणि मालकाच्या प्लॉटचा, शेताचा सातबारा, बँक खात्याची माहिती स्वतःच काढून अर्जाला जोडा, जप्ती कशावर आणायची हे शोधायला तलाठ्याला वेळ नसते.